कोरड्या बाजूचा गोल

आई, दोन रविवारांपूर्वी एका माणसानं मला तुझीच गोष्ट सांगितली. मी तुझा मुलगा आहे हे त्याला माहीत नव्हतं. रिटायर होऊन मी नगरला आपल्या जुन्या घरी परत आलोय. हॉटेल तेच, आपल्या समोरचं, चाचांचं. चाचा जाऊन जमाना झाला. आता त्यांचा नातू गल्ल्यावर बसतो, बाकड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात, पण रविवारी सकाळी तिथं अजून फुटबॉलचाच खल चालतो आणि तो अजून कुठंच पोचत नाही. आदल्या दिवशी आपल्याकडची पोरं कुठल्याशा टूर्नामेंटमध्ये हरली होती, म्हणून कोण चुकलं यावर तोंडं सुटली होती. तेवढ्यात चाळिशीतला एक जण माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, ही हार कायच न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आपन पुण्याच्या टीमशी शिल्डची फायनल हरलो, ठाऊक हाय का? एका बाईनं गोलापुढं पानी वतलं, आन् आपला गोली घसरून पडला. बाईमानसानं मॅच घालवली." सगळे हसले. पन्नास वर्षांची सवय, मीसुद्धा हसलो. घरी आलो तेव्हा मात्र जेवण गेलं नाही. नातवाची एक कोरी वही मागून घेतली आणि ठरवलं, आता हे लिहायचंच. पहिल्यापासून, मधलं काही न गाळता. गाळत गाळतच मी इथवर आलोय.

त्या साली मी वीस वर्षांचा होतो. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि तू दारात बसून विड्या वळायचीस. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पानं भिजवली नाहीत तर वळताना तडकतात, हे मला चालता यायच्या आधी कळलं असेल. पाऊस गेला तो गेलाच. नळ कोरडे पडले, कोपऱ्यावर दिवसाआड टँकर यायला लागला आणि दिवस उजाडायच्या आत घागरींची ओळ लागायला लागली. आपल्या वाट्याला दोन घागरी. एक पिण्याची आणि चुलीची, दुसरी बाकी सगळ्याची, त्यातच तुझी पानं. अशा दिवसांत तुझा पोरगा रोज संध्याकाळी ग्राउंडवर जाऊन धूळ खाऊन येतो, याबद्दल गल्लीत कोण काय बोलायचं ते तुला ऐकू यायचं. तू विड्या वळत राहायचीस. मला कधी जाऊ नको म्हणाली नाहीस.

ग्राउंडवर गवताची काडी उरली नव्हती. खाली नुसता मुरूम, उन्हानं भाजून विटेसारखा झालेला. बाकीच्यांचं काय, ते पळायचे. मी गोली. झेप घेतली की कोपराची साल जमिनीला ठेवून उठायचं. फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या दोन्ही कोपरांना हळद-तेल लावत होतीस. मी ओरडलो, तशी तू चिडलीस.

"आसलं कसलं काम रं तुझं? बाकीचे पळत्यात, आन् तू एकलाच पडतोस."

"गोलीनं पडायचंच असतं, आई."

"मंग कुठल्या अंगावर जास्ती पडतोस?"

"उजव्या."

तू पुढं काही विचारलं नाहीस. माझ्या डोक्यात साहेब होते, म्हणून मीही तुला काही विचारलं नाही. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याला स्वतःची टीम उभी करायची होती आणि तिथले एक साहेब ही फायनल बघायला येणार होते. कॅप्टनला ते म्हणाले होते, तुमचा गोली बघायचाय. निवड झाली तर कायमची नोकरी, राहायला खोली. तंबाखूची धूळ तुझ्या छातीत बसली होती, खोकलीस की सूप हलायचं. ते सूप तुझ्या मांडीवरून एकदाचं उतरवायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं. हे मी पदरचं घालून लिहीत नाही, तेव्हा खरंच तसंच होतं.

मॅचला सगळं नगर लोटलं होतं. पुण्याची पोरं बूट घालून आली होती. आपल्यात निम्मे साध्या कॅनव्हासच्या बुटांत, दोघं अनवाणी. हाफ टाइमपर्यंत कुणाचाच गोल झाला नाही आणि लोक आपल्या टीमभोवती इतके गोळा झाले की आम्हाला श्वास घेता येईना. सेकंड हाफला मी भिंतीकडच्या गोलात गेलो. तिकडं कुणी थांबायचं नाही, संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत यायचं. तिथं तू एकटीच होतीस, पोस्टच्या मागं चार पावलांवर, डोक्यावर पदर आणि कमरेवर रिकामी घागर. आणि गोलाच्या उजव्या अंगाला जमीन काळी झाली होती. भिजलेल्या मुरमाचा वास येत होता. त्या वर्षात तो वास मी विसरलो होतो. मी तुझ्याकडं बघितलं, तर तू हातानं मला पुढं बघायला सांगितलंस. डावं अंग तसंच कोरडं होतं. एका घागरीत तेवढंच होणार.

शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांच्या उंच सेंटर फॉरवर्डनं लांबून मारलं. यापुढचं मी आयुष्यभर एकाच पद्धतीनं सांगत आलोय, तर आधी तसंच लिहितो. बॉल आला, मी झेपावणार तोच पाय घसरला, पडलो, आणि बॉल आत गेला. मग शिट्टी झाली. शिल्ड पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या हॉटेलात बैठक बसली ती आठवडाभर उठली नाही. तू समोर दारात विड्या वळत होतीस, त्यामुळं शब्द न् शब्द तुझ्या कानावर पडत होता. टेलर मास्तर रोज पहिला येऊन बसायचा आणि रोज नवं कारण काढायचा. सोमवारी म्हणाला, रेफ्री पुण्याच्या पाव्हण्यांचा. मंगळवारी म्हणाला, कॅप्टननं टॉस जिंकून सेकंड हाफचं ऊन अंगावर घेतलं, एवढी अक्कल तर माझ्या शिवणयंत्रालाही हाय. बुधवारी कुणीतरी काढलं की पोरांनी मॅचआधी भजी खाल्ली, तिथंच अंग जड झालं. चाचांनी झारा आपटला. "मेरी भजी का नाव नही लेना! पुण्याच्या पोरांनी बी खाल्ली, दोन-दोन प्लेट! ते कशे पळले?" तसे सगळे टेलर मास्तरवरच उलटले. त्यानं मॅचच्या आदल्या दिवशीच जिंकल्याचा कापडी फलक शिवून ठेवला होता. बाजारात तुरी, असं म्हणून त्याला इतकं पिदडलं की तो गुरुवारी आलाच नाही.

शुक्रवारी मात्र आला, आणि माझ्याकडं बोट करूनच आला. "घसरला म्हनं! वरून थेंब न्हाई, खाली वल न्हाई, धा पुरुस खांदलं तर पानी लागंना, आन् हा गडी घसरला! मला सांगा, कोरड्या मुरमावर घसरतोय कोन?" हॉटेल हसून लोळलं. त्या दिवसापासून मी रस्त्यानं निघालो की पोरं माझ्यापुढं मुद्दाम धपकन पडायची. हसण्याचं मला एवढं नव्हतं. पण हसता हसता एक जण बोलून गेला की हा पुण्याला फितूर असेल, आणि त्यावर कुणी हसलं नाही. कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं काय झालं ते सांग. मी कुनाला बोलनार न्हाई." मी म्हटलं, पाय घसरला. त्यानं माझा खांदा सोडला. मग म्हणाला, साहेब रविवारी हॉटेलात येणारेत नावं न्यायला, तुझं नाव मी कुठल्या तोंडानं देऊ?

ओल्या जमिनीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला वाचवायला, असं मी स्वतःला बजावत होतो. खरं कारण पुढं येईल.

आणि मग तो रविवार. हॉटेल भरलंय, साहेब मधल्या बाकड्यावर बसलेत, कॅप्टन त्यांच्याशेजारी, मी भिंतीला टेकून उभा. तू समोरच्या दारातून उठतेस. सूप खाली ठेवतेस, हात पदराला पुसतेस, रस्ता ओलांडून सरळ आत येतेस. त्या हॉटेलात त्याआधी कुठली बाई चढलेली मी बघितली नव्हती. बोटांना तंबाखू तशीच आहे. चाचा किटली खाली ठेवतात.

"पानी म्या वतलं," तू म्हणालीस.

टेलर मास्तरनं विचारलं, "कसलं पानी, मावशी?"

"गोलापुढं. मधल्या सुट्टीत. पोराची कोपरं सोलत्यात म्हनून घागर रिकामी केली. तितं चिखल झाला, आन् त्यो घसरला. घसरलो म्हनतोय तर घसरलाच. आता हासायचं आसंल तर मला हासा."

कुणी हसलं नाही. कॅप्टननं हळूच विचारलं, "टँकरचं पानी, मावशी?"

"व्हय. माझ्या वाटनीचं. तुमच्यातलं न्हाई."

"पेयाला पानी न्हाई लोकाला," टेलर मास्तर पुटपुटला, "आन् ह्या ग्राउंडला पाजत्यात."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "काय रे, आई म्हणते ते खरं?"

तू एकदाच माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. हो अशी हलवली. तू मागं वळलीस आणि निघून गेलीस. पाठीमागं सगळे एकदम बोलायला लागले. शिल्ड का गेली याचं कारण अखेर सापडलं होतं, आणि ते त्यांच्यातलं कुणी नव्हतं. गोलीचा दोष नाही, असं साहेब स्वतः म्हणाले.

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तू सोसलंस. पण मला माहीत होतं हे तुला माहीत होतं का, कोण जाणे, म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी टँकरच्या ओळीत बायकांनी तुझ्या घागरी उचलून सगळ्यांत मागं ठेवल्या. "हिला कशाला लागतंय पानी, ही ग्राउंड भिजवती." त्याही ऊन चढेतो पाय भाजत उभ्या होत्या, त्यांना तरी काय म्हणायचं? तुझी पाळी येईतो टँकर रिकामा व्हायचा. असं आठवडाभर नाही, पाऊस पडेपर्यंत चाललं. तू भिंगारच्या वाटेवरच्या एका विहिरीवर जायचीस, तिथं तळाला कुणीतरी उतरून वाटीनं भरून द्यायचं. परत येताना मान वाकडी धरायचीस. चाचा रोज दुपारी एक किटली पाणी पाठवायचे, "चायचं पानी जास्ती झालं" असा निरोप देऊन. तू ते पानांना वापरायचीस, प्यायची नाहीस. मी एकदा घागर घेऊन तुझ्याबरोबर निघालो, तर म्हणालीस, "तुझा नोकरीचा कागद येईपतूर तू गल्लीत दिसायला पायजे. पाठ फिरवू नगंस कुनाला." मी थांबलो. एवढंच ऐकलं तुझं, सोयीचं होतं तेवढं.

कारखान्याचा कागद आला. मी निघालो त्या सकाळी तू स्टँडवर आलीस आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी हातात दिलंस. जुन्या गोधडीच्या तुकड्यांची तू कोपराला बांधायची दोन पॅड शिवली होतीस, आत कापूस, कडेला विड्यांचाच दोरा. एसटी लागली. मी पाया पडलो. तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "आता पडायचं आसंल तर येळेवर पडत जा."

मी हसलो. आईला फुटबॉलमधलं काय कळतं, असं तोंड करून हसलो आणि खिडकीशी जाऊन बसलो. तुझं म्हणणं मला पुरतं समजलं होतं.

त्या नोकरीवर माझं लग्न झालं, पोरं शिकली. तू सूप सोडून माझ्याकडं आलीस आणि दहा-बारा वर्षं कारखान्याच्या खोलीत सुखानं राहिलीस, असं लोक म्हणायचे. त्या वर्षांत दर संध्याकाळी मी ठरवायचो की आज बोलायचं. तू तांदूळ निवडत बसलेली असायचीस आणि मी शेजारी पेपर उलटा-सुलटा करायचो. तू गेलीस त्या दिवशीही दवाखान्यात मी तुझा हात धरून पावसाबद्दल बोलत होतो.

आता लिहितो. बॉल उजवीकडं आलाच नव्हता, आई. तू भिजवलेल्या जागेवर माझा पायही पडला नाही. बॉल डावीकडं आला, कोरड्या बाजूला, जमिनीलगत, आणि मी उभा राहिलो. तो आत गेला. मग मी पडलो. त्याच कोरड्या मुरमावर, हळूच, गुडघे टेकून, मग अंग टाकून. लोक लांब होते, त्यांना एवढंच दिसलं की गोली खाली आहे आणि बॉल आत आहे. तू चार पावलांवर होतीस. पाणी कुठं ओतलंय ते तुला ठाऊक होतं आणि मी कधी पडलो ते तुला दिसलं होतं. तरी तू माझ्या कोरड्या खोट्याला तुझी घागर देऊन आलीस. ओल्या जमिनीचं मी बोललो नाही ते तुला वाचवायला नव्हे. कुणी जाऊन जागा बघितली असती तर ओल एकीकडं आणि गोल दुसरीकडं, हे उघडं पडलं असतं, म्हणून.

गेल्या रविवारी मी हॉटेलात गेलो. उभा राहिलो आणि सांगितलं की तो गोली मी, ती बाई माझी आई. मॅच तिनं घालवली नाही. बॉल बाहेर जातोय असं मला वाटलं, म्हणून मी सोडला, घसरलो नव्हतो.  मग तो चाळिशीतला माणूस उठला आणि माझ्या पाया पडला. "काका, आईला पाठीशी घालताय. घालायलाच पायजे. आमी न्हाई बोलनार परत." मी ओरडून म्हटलं, अरे खरं सांगतोय! तर चाचांच्या नातवानं माझ्यापुढं बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि म्हणाला, बसा काका, बीपी वाढंल. ज्या हॉटेलानं माझं खोटं एका घोटात गिळलं होतं, त्याला खरं काही उतरेना.

रागानं घरी आलो. पण वहीत हे सगळं लिहिताना कळलं, त्यांना पटलं नाही ते बरोबरच झालं. त्यांनाही मी अर्धंच सांगितलं होतं. येत्या रविवारी मी परत जाणार आहे, तुझी पॅड पिशवीत घालून. एकाचा दोरा सुटलाय, कापूस तसाच आहे. नाही पटलं तर त्याच्या पुढच्या रविवारी जाईन. पाय चालताहेत तोवर जाईन. टाळकं फिरलंय म्हणाले तर म्हणू देत. तुझं नाव त्या मॅचमधून काढल्याशिवाय मी थांबणार नाही.

हे पान पोस्टात पडायचं नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. बॉल बाहेर जातोय असं मला वाटलं नव्हतं. तो आत येणार हे पायातून सुटताच दिसलं होतं, आणि झेपावलो असतो तर हाताला लागला असता. पण डावं कोपर आदल्याच दिवशी सोललेलं होतं, आणि खालचा मुरूम मला दिसत होता. मी भ्यालो, आई.